प्रशिक्षकांवरची बंदी नावापुरती नको

संपादक महोदय,

फुटबॉलमध्ये प्रशिक्षकांनी पंचांशी हुज्जत घातली, अंगावर धावून गेले, की क्रीडा पानावर त्यांना झालेल्या दंडाची चौकट येते आणि विषय संपतो. निदान आपण वाचक तरी तो संपला असे समजतो. प्रत्यक्षात त्या शिक्षेतून काय साधते, याविषयी थोडे लिहायचे आहे.

नियम कमी पडतात असे नाही. २०१९ च्या जूनपासून पंच प्रशिक्षकालाही पिवळे वा लाल कार्ड दाखवू शकतो. मैदानाकडेच्या संघाच्या बाकावरून कुणी शिवी हासडली आणि नेमके कोण ते कळले नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर पडते. ही तरतूद मला फार आवडते, कारण तिच्यामुळे सहायकाला पुढे करून आपण नामानिराळे राहण्याची सोय बंद झाली. खरी अडचण कार्ड खिशात परत गेल्यानंतर सुरू होते.

ऑगस्ट २०२२ मधला चेल्सी-टॉटनहॅम सामना घ्या. सामना संपल्यावर हस्तांदोलन करताना चेल्सीचे प्रशिक्षक थॉमस टुकेल आणि टॉटनहॅमचे अँटोनिओ काँटे एकमेकांना भिडले, दोघांनाही लाल कार्ड मिळाले. टुकेल यांना ३५ हजार पौंड दंड आणि एका सामन्याची बंदी, काँटे यांना १५ हजार पौंड. त्या पातळीवरच्या प्रशिक्षकांना ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस. शिवाय निकालाची लेखी कारणे यायची होती म्हणून बंदी लांबली, आणि पुढच्याच सामन्यात टुकेल टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, हजर! एवढा उशीर झाल्यावर शिक्षा कशाची होती हेही प्रेक्षक विसरून जातात.

आणि बंदी म्हणजे तरी काय? बहुतेक वेळा इतकेच, की सामना चालू असताना बाकावर बसायचे नाही. २००५ मध्ये चेल्सी विरुद्ध बायर्न म्युनिक लढतीच्या वेळी चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्हो यांच्यावर बंदी होती (ती पंचांवरच्या आरोपांबद्दल होती, टचलाइनवरच्या वर्तनाबद्दल नव्हे). तरीही आपण ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंसोबत होतो आणि मळके कपडे न्यायच्या टोपलीत लपून बाहेर पडलो, हे त्यांनीच पुढे सांगितले. लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. आता तर टोपलीचीही गरज उरली नाही, फोन पुरेसा आहे.

आपल्याच राष्ट्रीय संघाचे उदाहरण आहे. २०२३ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेत पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत असताना भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी त्याच्या हातातला चेंडू हिसकावला. लाल कार्ड, नेपाळविरुद्धचा सामना बाहेर. खेळाडूंसाठी गरज पडली तर पुन्हा असेच करीन, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि शब्द पाळला. कुवेतविरुद्ध परतले त्याच सामन्यात दुसरे लाल कार्ड! मग दोन सामन्यांची बंदी आणि ५०० डॉलर दंड. उपांत्य व अंतिम सामन्यात सहायक महेश गवळी यांनी टचलाइन सांभाळली, भारत जिंकला. विजेतेपदाचा आनंद मलाही झाला, पण पहिल्या शिक्षेचा धाक किती होता ते यात उघड दिसते.

याउलट फ्रान्सने काय केले पाहा. मार्च २०२५ मध्ये लियॉन क्लबचे प्रशिक्षक पाउलो फोन्सेका पंचांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडले. त्यांना ३० नोव्हेंबरपर्यंत बाकावर बसायला मनाई झाली आणि १५ सप्टेंबरपर्यंत खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्येही. अनेकांना हे अति वाटले. मला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. मध्यंतरात खेळाडूंशी बोलता येत नाही, हे प्रशिक्षकाला कुठल्याही दंडापेक्षा जास्त झोंबते.

प्रशिक्षकांनी पुतळ्यासारखे उभे राहावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी चिडून पाण्याच्या बाटलीला लाथ मारली म्हणून त्यांना अखेरच्या क्षणी बाहेर काढले. बसायला जागा नाही म्हणून ते प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांत हात पसरून उभे राहिले. असल्या कडकपणाने पंचांचेच हसे होते. तेच वेंगर २०१७ मध्ये मैदानाच्या कडेला असणाऱ्या चौथ्या पंचाला ढकलतात, तेव्हा चार सामन्यांची बंदी योग्यच ठरते. बाटली आणि माणूस यांतला फरक शिक्षेत दिसायला हवा.

माझी सूचना साधी आहे. पंचाला हात लावला किंवा त्याच्या अंगावर धावून गेले, तर किमान बंदी आधीच ठरलेली असावी, ती पुढच्याच सामन्यापासून लागू व्हावी आणि तिच्यात स्टेडियमचे दार बंद असावे. न्यूकॅसलचे प्रशिक्षक ॲलन पार्ड्यू यांनी २०१४ मध्ये हल सिटीच्या खेळाडूला डोके मारले, तेव्हा सात सामन्यांच्या बंदीतले पहिले तीन सामने त्यांना स्टेडियममध्येच येऊ दिले नव्हते. म्हणजे हे करता येते. दंड ठरावीक रकमेऐवजी मानधनाच्या प्रमाणात घ्यावा.

मुलांच्या आणि हौशी सामन्यांत याची निकड जास्त आहे. तिथे कॅमेरे नसतात, चौथा पंच नसतो, बहुधा एकच तरुण पंच शिट्टी घेऊन उभा असतो आणि पुरावा म्हणून त्याचा लेखी अहवालच तेवढा असतो. इंग्लंडमध्ये २०२३ पासून अशा पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले जात आहेत. ते सगळीकडे परवडणार नाही. पण पंचाचा अहवाल आल्यापासून पुढच्या सामन्याआधी निर्णय द्यायचा आणि तोवर त्या प्रशिक्षकाला मैदानाबाहेर ठेवायचे, एवढ्याला पैसे लागत नाहीत.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक