फोनवर ऐकू आलं नाही म्हणून

सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड
15 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. थंडी पडायला लागलीय, पण घर गरम असतं आणि दोन्ही वेळचं जेवण मी घरीच करते. मेतकूट अजून अर्धा डबा शिल्लक आहे. आईसाठी हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे ती पुढचं निवांत वाचेल.

गेल्या रविवारी फोनवर अण्णा चार वेळा "काय?" म्हणाले आणि शेवटी फोन आईकडं दिला. मी सांगत होते इथल्या पानं उडवायच्या पेट्रोल ब्लोअरबद्दल आणि तुमच्यापर्यंत पोचलं भलतंच. तुम्हाला वाटलं, मी इथं कुणा गरिबाचं काम बंद पाडायला निघालेय आणि आता माझा व्हिसा जाणार. तसं काहीही नाही. व्हिसाचं आधी सांगते. नोकरीच्या व्हिसाच्या एक लाख डॉलर फीची जी बातमी तुम्ही टीव्हीवर बघितली, ती 21 सप्टेंबरनंतरच्या नव्या अर्जांना आहे. मी त्यात येत नाही. आणि ब्लोअरच्या आवाजाबद्दल घरमालकाला एक ईमेल लिहिल्यानं कुणाचा व्हिसा जात नाही. दादाला सांगा, व्हॉट्सअॅपवर येतं ते सगळं तुम्हाला वाचून दाखवू नकोस.

आता त्या ब्लोअरचं. मी 'ब्लोअर' म्हटलं की तुम्हाला आपला द्राक्षबागेतला, ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर दिसतो. गोंधळ तिथंच झाला. इथला ब्लोअर वेगळा. पाठीवर दप्तरासारखं इंजिन अडकवायचं, त्याला लांब नळी, आणि त्या नळीतून नुसता वारा सुटतो. औषध नाही, पाणी नाही, वारा. त्या वाऱ्यानं अंगणातली पडलेली पानं ढकलत रस्त्याच्या कडेला न्यायची.

आई, तू विचारशील की त्यासाठी इंजिन कशाला, खराटा नाही का. मलाही पहिल्या वर्षी हेच कळेना. इथं प्रत्येक घरापुढं हिरवळ असते. तिच्यात काही पिकत नाही, गुरं चरत नाहीत, बहुतेक घरांत तिच्यावर कुणी बसतसुद्धा नाही. पण ती गालिच्यासारखी एकसारखी दिसली पाहिजे, नाहीतर गल्लीत नाव खराब. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओक आणि मेपलची पानं पडतात. ती हिरवळीवर राहिली तर खालचं गवत गुदमरतं, म्हणून ती हलवायची. आज हलवली की उद्या परत पडतात. शेजाऱ्यानं हलवली की वारा ती आपल्याकडं आणतो. म्हणून आठवड्याला माणसं येतात. आमच्या एका गल्लीत वेगवेगळ्या मालकांच्या चार-पाच टोळ्या, प्रत्येकीची वेळ वेगळी. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी, कधी सकाळी, कधी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना. खिडक्या बंद केल्या तरी तो आवाज आत येतो, कारण तो जाड, घुमणारा आवाज आहे, भिंतीतून शिरणारा. पानं कडेला लागली की काउंटीची (काउंटी म्हणजे आपला जिल्हा धरा) गाडी येते, जाड नळीनं ती ओढून घेते, आणि डिकरसन नावाच्या गावी मोठ्या मैदानावर त्याचं खत होतं. ते 'लीफग्रो' नावानं पोत्यात भरून विकतात. मग तेच लोक ते विकत आणून झाडांना घालतात. आई, झाडाखालची पानं झाडाखालीच कुजवायची हे तुझं साधं गणित मी इथल्या घरमालकाला सांगितलं. तो म्हणाला, मागच्या बाजूला करून बघू. मागच्या बाजूला केलंय. तेवढं जमलं.

अण्णा, आता तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, "गरिबाच्या हातातलं अवजार काढून घेणारा कायदा चांगला कसा?" प्रश्न बरोबर आहे. मी आठवडाभर त्याच्यावर विचार केला.

आमच्या माँटगोमेरी काउंटीत पेट्रोलचा ब्लोअर विकायला 1 जुलै 2024 पासून बंदी आली आणि वापरायला 1 जुलै 2025 पासून. वॉशिंग्टन शहर इथून लोकलनं थोड्याच वेळावर. तिथं 2018 साली कायदा झाला आणि तो लागू झाला 1 जानेवारी 2022 ला. मधली वर्षं लोकांना यंत्रं बदलायला दिली. मोडला तर 500 डॉलरपर्यंत दंड. बॅटरीचा ब्लोअर चालतो, खराटा तर चालतोच.

टू-स्ट्रोक इंजिन तुम्हाला मी काय समजावणार. एम-एटीच्या टाकीत टू-टी ऑइल किती ओतायचं ते तुम्ही माप न बघता ओळखायचात. याही यंत्रात पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच घालतात. इंजिन लहान, हलकं आणि स्वस्त ठेवायचं तर हाच सोपा उपाय. पण त्यात घातलेल्या इंधनातलं जवळजवळ एक तृतीयांश न जळता सायलेन्सरमधून बाहेर येतं. कॅलिफोर्निया सरकारच्या हवा मंडळाचा हिशेब आहे की मोठा ब्लोअर एक तास चालला की धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं व्हायला साधी टोयोटा कॅमरी 1,100 मैल चालवावी लागते. म्हणजे सुमारे 1,770 किलोमीटर. तासगावहून निघायचं, दिल्ली ओलांडायची आणि जवळजवळ पानिपत गाठायचं. एका तासात, एका माणसाच्या पाठीवर. त्या धुरात बेंझीन असतं, ज्यानं कॅन्सर होतो. गल्लीतल्या लोकांना तो धूर दहा मिनिटं. ज्याच्या पाठीवर इंजिन आहे त्याला दिवसभर, वर्षभर.

आमच्याकडं येतो तो माणूस एल साल्वादोरचा आहे, तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. इथं त्या देशाची माणसं खूप आहेत. जुलै उलटून गेला तरी तो पेट्रोलचंच यंत्र आणायचा. मी एक दिवस पाणी घेऊन बाहेर गेले. त्यानं यंत्र बंद केलं आणि पहिला प्रश्न केला, तक्रार करणार का? मला फार वाईट वाटलं. मी नाही म्हटलं आणि केलेलीही नाही. मग तो बोलला. यंत्र त्याचं नाही, ठेकेदाराचं. पूर्ण जोरात चालवलं की बॅटरी लवकर संपते, म्हणून दिवसाला अनेक बॅटऱ्या आणि गाडीत चार्जिंगची सोय लागते, आणि सगळं मिळून हजारो डॉलर होतात. काउंटी जुनं यंत्र जमा केल्यावर काही पैसे परत देते, पण ठेकेदाराला त्या अर्जाच्या मागं लागायला वेळ नाही. बोलताना तो सारखा मान पुढं करून माझ्या तोंडाकडं बघत होता. अण्णा, मला ती मान ओळखीची वाटली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. ते अवजार गरिबानं निवडलेलं नाही. स्वस्त पडतं म्हणून त्याच्या पाठीवर दुसऱ्या कुणीतरी ठेवलंय. त्याला एकट्याला "मी हे उचलणार नाही" म्हणता येत नाही, कारण उचलणारा दुसरा मिळतो. सगळ्यांना एकदम मनाई झाली तरच ठेकेदारांत चढाओढ राहत नाही. हे काम शहराच्या कायद्यानंच होतं, एकेकट्याच्या भलेपणानं होत नाही.

पण नुसती बंदी घालून हात झटकणं मला पटत नाही, इथं तुमचं म्हणणं मी मान्य करते. लॉस एंजेलिसमध्ये घरांपासून 500 फुटांच्या आत हे ब्लोअर चालवायला मनाई केली, तेव्हा 1998 च्या जानेवारीत माळीकाम करणारे लोक सिटी हॉलपुढं उपोषणाला बसले होते. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. त्यांची पोटापाण्याची भीती खरी होती. त्या वेळी चांगली बॅटरी यंत्रंच नव्हती. कायदा राहिला, पण पुढं तो नीट पाळला गेला नाही, आणि धूरही राहिला. त्याच कॅलिफोर्नियानं 2021 साली राज्याचा कायदा केला, अशी नवी छोटी पेट्रोल इंजिनं विकायची बंदी 2024 पासून, आणि छोट्या कामगारांना यंत्रं बदलायला 3 कोटी डॉलर बाजूला काढले. ओरेगनमधल्या पोर्टलंडला ओली पानं बॅटरीनं हलत नाहीत अशी तक्रार होती, म्हणून 2026 च्या जानेवारीपासून वर्षाचे नऊ महिने बंदी आणि पानगळीचे तीन महिने सूट, 2028 पासून पूर्ण बंदी. असं सोसेल तसं केलेलं मला आवडतं. उलट जॉर्जिया आणि टेक्सासनं 2023 साली राज्याचा कायदा करून शहरांना अशी बंदी घालायचीच मनाई केली. गावातला धूर गावाला दिसतो, त्याबद्दल ठरवायचा हक्क गावाचाच हवा.

मी काय केलं ते ऐका, म्हणजे काळजी मिटेल. आम्ही तिघी भाडेकरणींनी मिळून घरमालकाला लिहिलं की बॅटरीचं यंत्र आणणार असतील तर महिन्याला प्रत्येकी दहा डॉलर आम्ही जास्त देऊ. त्यानं ठेकेदाराला कळवलं. या आठवड्यात तो माणूस बॅटरीचा ब्लोअर घेऊन आला. आवाज असतोच, पण भिंतीतून येत नाही. वास अजिबात नाही. आमच्याच घरापुरता. शेजारी अजून पेट्रोलच चालतं.

अण्णा, तो एम-एटीचा वास आला की मला दुसरंच आठवतं. आपल्या दोन एकरांत भागत नव्हतं तेव्हा तुम्ही पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप घेऊन लोकांच्या बागांत जायचात. मी सांगलीला होते. पैसे वेळेवर यायचे. सुट्टीला आले की तुम्ही मोठ्यानं बोलायचात आणि मला वाटायचं चिडलाय. ऐकू कमी येतंय हे मला कधी सुचलंच नाही. कानाच्या इतक्या जवळ तो पंप, कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. माझी फी त्यातून गेली हे मला इथं तिसऱ्याच्या अंगणात उभं राहिल्यावर नीट कळलं.

तेव्हा दोन गोष्टी नाही म्हणायच्या नाहीत. दादाच्या खात्यावर 80,000 पाठवलेत. त्यातून आधी मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन दोन्ही कान तपासायचे आणि मशीन सांगितलं तर घ्यायचं. पैसे कमी पडले तर पुढच्या महिन्यात आणखी पाठवते. बागेच्या कडेला गवत मारायला तुम्ही अजून तोच जुना पंप काढता असं वहिनी म्हणाली. दादानं महाडीबीटीवर बॅटरी पंपाचा अर्ज केला होता, त्याचं काही झालं नसेल तर बाजारातून सरळ घ्या. उरलेले सोसायटीच्या हप्त्याला. यंदा मे महिन्यापासून पावसानं पाठ सोडली नाही, घड कमी निघालेत, मला माहीत आहे. म्हणून "आमचं भागतंय" असं मला फोनवर सांगू नका.

आई, कवठेमहांकाळच्या स्थळाबद्दल. मुलाचा फोटो बघितला, माहिती वाचली, माणसं चांगली दिसतात. मी नाही म्हणत नाहीये. पण परत यायला लागणारा व्हिसाचा शिक्का मिळायला तारखा लांबल्यात, आत्ता आले आणि अडकले तर नोकरीचं अवघड होईल. दिवाळीला आले नाही तेही याचसाठी. भाऊबीजेला दादानं व्हिडिओवर ताट दाखवलं तेव्हा मी हसत होते, नंतर जेवण गेलं नाही. त्यांना सांग, मुलाशी आधी फोनवर बोलीन, घाई नको. आजीला हे सांगताना "पुढच्या वर्षी नक्की" असं सांग.

वहिनीला आणि बाळाला आशीर्वाद. बाळासाठी मेपलची दोन लाल पानं पाकिटात घातलीत, पुस्तकात दाबून ठेवा.

रविवारी फोन करीन. अण्णा, फोन डाव्या कानाला लावा, उजवीकडून तुम्ही जास्त वेळा "काय" म्हणता. मी हळू बोलेन.

तुमची,
धाकटी