विन्याची शिट्टी

जळगाव, मे महिना, भर दुपार

बंड्या,

कसा शे भो? सहा महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. शिव्या राखून ठेव, भेटशील तेव्हा घाल. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

परवा विन्याने खिडकीखाली शिट्टी मारली. तीच. अर्धी हवा, अर्धी थुंकी, पण तीच! आणि गंमत बघ, ओठांचा चंबू केला की त्याचा उजवा डोळा आपोआप मिटतो. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या कानाच्या आत, तोलाच्या नसेवरची गाठ ऑपरेशन करून काढली ना, ती सोलताना शेजारची चेहऱ्याची नस दुखावली. अशी नस पुन्हा वाढते, तेव्हा काही तंतू घर चुकतात. ओठांकडे जायचे ते पापणीत शिरतात. म्हणजे आता हा बाजारात शिट्टीही मारणार आणि डोळाही. मार खाईल बेटा.

कुणीतरी त्याला गालाला करंट घ्यायला आणि दिवसभर च्युइंगम चघळायला सांगितलं होतं. दोन्ही बंद करवलं. जोर लावला की चुकीच्या जोडण्याच पक्क्या होतात. आता आरशासमोर पाच मिनिटं, दिवसातून तीनदा: ओठ निम्म्या ताकदीने पुढे, डोळा उघडाच.

पण घोर वेगळाच आहे. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, नसेला चिकटलेला गाठीचा पातळ पापुद्रा मुद्दाम ठेवला. ते वाचल्यापासून विन्याचं एकच, "ते बी काढी टाका." अरे, साडेतीन सेंटीमीटरची गाठ, मेंदूच्या देठाला टेकलेली. एवढ्या गाठीवर ती नस ताणून कांद्याच्या सालीइतकी पातळ झालेली असते. तो पापुद्रा खरवडला असता तर आज शिट्टी नसती, तोंडही कायमचं वाकडं राहिलं असतं. चेहऱ्याच्या सहा पायऱ्या मोजतात. पहिली म्हणजे धडधाकट, सहावी म्हणजे काहीच हलत नाही. ऑपरेशननंतर हा चौथीवर होता, डोळा पूर्ण मिटत नव्हता. आठ महिन्यांनी तिसरीवर आलाय, जोर लावला की मिटतो. तो पापुद्रा कॅन्सर नाही. पुष्कळदा तसाच पडून राहतो. दरवर्षी एमआरआय करायचा, आणि वाढलाच तर एका बैठकीत १२-१३ ग्रे (हे किरणांचं माप) एवढा किरणांचा डोस. पुन्हा कवटी उघडायची घाई कशाला?

माझं तो ऐकत नाही. नशिराबादच्या सायकलीपासून मी त्याच्या लेखी खोटारडा. (चूक तुझी होती, पण ते जाऊ दे.)

खरी पंचाईत रात्रीची आहे. केळीला पाणी द्यायला वीज येते रात्री, आणि हा अंधारात बांधावरून निघतो. उजव्या कानाची तोलाची नस गेली. दिवसा डोळे आणि तळपाय सांभाळून घेतात, अंधारात डोळ्यांचा आधार सुटतो. बॅटरी आणि काठीशिवाय जायचं नाही, असं वहिनींना बजावलंय. चक्कर येते म्हणून तो महिनाभर गोळ्या खाऊन पडून होता, तिथेच घोळ झाला. त्या गोळ्या फार दिवस घेतल्या की मेंदू नवा तोल शिकतच नाही. भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखायची, मान डावी-उजवी, एक-एक मिनिट. कंटाळवाणं आहे, पण गुण येतो. अशा पेशंटांसाठी २६ प्रश्नांची एक यादी आहे, त्यात कान, तोल, चेहरा, दुखणं, थकवा, काळजी सगळं विचारतात. बहिऱ्या कानापेक्षा चक्कर आणि डोकेदुखीच माणसाला जास्त खाते, असं त्यातून निघालंय. विन्याकडे बघून पटतं.

डोळ्याचं तर विचारू नको. ही लू, आणि हा कूलरसमोर तोंड करून झोपतो! झोपेत फट राहते, बुबुळ सुकतं, जखम झाली तर नजर जाते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून टेप. कूलर पायाकडे फिरवला तर म्हणाला, "तुझ्या घरचा कूलर आहे का?" लाली किंवा टोचणी दिसली की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, एवढं तूही त्याला दरडावून सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? छोटीची ॲडमिशन? वहिनींच्या हातची खिचडी आठवते. नीट कळव.

एमआरआय चौदा तारखेला आहे. तेरालाच ये, भरीत आहे. त्याच्याशी तूच बोल, आणि बसशील तो डाव्या बाजूला बस. उजवीकडून बोललेलं त्याला ऐकूच येत नाही, आणि नाही कळलं तरी "हो हो" म्हणतो.

तुझा,
पक्या