वेल्डिंगवाल्या आप्पांना, मनापासून

आप्पा, सप्रेम नमस्कार.

आमचं रान तापीकाठचं, काळं. पाऊस उघडला की वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येतो आणि बघता बघता जातो. तेवढ्यात कल्टिव्हेटर काढून रोटाव्हेटर, रोटाव्हेटर काढून सरीचा रिजर, अशी औजारं बदलावी लागतात. ट्रॅक्टरला जोडताना औजाराची एक पिन बसली की दुसरी हुकते, मग पहारीनं रोटाव्हेटर सरकवा, नाहीतर शेजारच्या बांधावरून कुणाला तरी हाक मारा. यंदा ट्रॅक्टरच्या मागे तुमची क्विक हिच, म्हणजे औजार पकडणारी हुकांची चौकट, बसली आणि कुणालाच हाक मारावी लागली नाही. ट्रॅक्टर मागे घेते, हुक पिनांखाली आले की लिफ्ट उचलते, खटके लावते. औजार जोडलं जातं, तेही मी एकटीनं.

क्विक हिच विकणारे पुष्कळ आहेत, आप्पा. पण पैशाची गोष्ट काढायच्या आधी "सगळी औजारं आना, आधी मोजू, मंग बोलू" म्हणणारे तुम्हीच भेटलात. आमच्या मिनी ट्रॅक्टरला खाली २२ मिलिमीटरच्या पिना आणि वरच्या दांड्याला, टॉपलिंकला, १९ ची, हे मला तोवर माहीत नव्हतं. हिचचा वरचा हुक जागचा हलत नाही, म्हणून प्रत्येक औजाराची वरची पिन तेवढ्याच उंचीवर हवी, हे तुम्ही टेप लावून दाखवलंत. गावात बनवलेल्या रिजरची पिन खाली राहत होती. तुम्ही तिची पट्टी कापून वर जोडलीत, पिनांवर बुश, म्हणजे जाडी वाढवणाऱ्या नळ्या, चढवलेत. पलटी नांगराला मात्र "याला नको, जुन्या पद्धतीनंच लावा" म्हणालात. हातचं काम असं कोण सोडतं?

सगळ्यात मोठे उपकार पीटीओ शाफ्टचे, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या फिरत्या दांड्याचे. हिचमुळे औजार चार बोटं मागे जातं आणि शाफ्टच्या नळ्या एकमेकींत कमी राहतात. तुम्ही रोटाव्हेटर वर-खाली करून ते तपासलंत आणि लांब शाफ्ट घ्यायला लावलात. चालत्या रोटाव्हेटरचा शाफ्ट निसटला असता तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो. शाफ्ट अजून हातानंच जोडावा लागतो. तेव्हा इंजिन बंद आणि किल्ली माझ्या कमरेला, तुम्ही सांगितलंत तसंच.

रिजरच्या वेल्डिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते घ्यावेच लागतील, मी घेऊन येते आहे. सोबत आमच्या शेजारच्या काकू येतील, त्यांचाही ट्रॅक्टर छोटाच आहे. त्यांची औजारं तेवढी मोजून द्या.

तुमची,
केळीवाली ताई