श्वास सोडायला घाई नको

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अंथरुणाला पाठ टेकली की धडधड सुरू होते, असं तू लिहिलंस. डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं, हे फार बरं झालं.

'खोल श्वास घे' असं तुला जो तो सांगत असेल. पण धास्तावलेला माणूस आधीच मोठमोठे श्वास ओढत असतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि धास्ती आणखी वाढते. तू लक्ष दे ते श्वास सोडण्याकडे. श्वास घेताना नाडी जराशी वाढते, सोडताना मंदावते.

भ्रामरीपासून, म्हणजे भुंग्यासारखं गुंजन करत श्वास सोडण्याच्या प्राणायामापासून सुरुवात कर. जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ देत. पाठ ताठ ठेवून बैस, खुर्ची चालेल. ओठ मिटलेले, दात मात्र सुटे. दात आवळलेस तर जबडा ताठरतो आणि गुंजन घशातच अडकतं. नाकानं चार सेकंद श्वास घे, मग खालच्या पट्टीत 'म्ऽऽ' करत सहा सेकंद सोड. कंप ओठांना, नाकाला जाणवला पाहिजे. कान बंद करायचे तर भोकासमोरचा उंचवटा अंगठ्यानं हलकेच दाब, बोट आत घालू नकोस. पाच-सात आवर्तनं पुरेत. शेवटी हपापून हवा ओढावी लागली तर गुंजन लांबलंय असं समज; दोन सेकंदांनी कमी कर. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, सध्या नकोच. सर्दीनं नाक चोंदलं असेल त्या दिवशी सुट्टी.

सेकंद मोजण्यानं तुझं मन पुन्हा हिशेबात अडकेल, म्हणून नंतर जपाकडे वळ. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' दोन्ही म्हणायला लावून तपासलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी तो बारा ते वीस असतो. तुझ्या घरी हरिपाठ आहेच, तेव्हा 'रामकृष्णहरी' घे. श्वास सोडताना संथपणे दोनदा म्हण, मग तोंड मिटून नाकानं श्वास येऊ दे. भराभर म्हणत माळ संपवलीस तर श्वास तुटक होतो आणि हाती काही लागत नाही. श्रद्धेची बाब तुझी तू जाण. माझ्या मते रोज म्हणायला आवडेल तेच नाम घ्यावं.

डोळे मिटून भीती वाढली तर उघडे ठेव, समोरच्या भिंतीकडे बघ. गरगरलं तर थांब आणि नेहमीसारखा श्वास चालू दे. रक्तदाबाची गोळी मात्र याच्या भरवशावर सोडू नकोस.

आठवड्याभरानं झोप कशी लागते ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक