'त्यांच्यात चालतं का हो?'

महोदय,

गेल्या गणेशोत्सवात आमच्या रामबागेतल्या कार्यक्रमात एका मुस्लिम मुलीनं अभंग म्हटला. 'विठ्ठल'मधला ठ थोडा हलका पडला खरा, पण तार षड्ज असा लागला, की मागे पोह्यांच्या द्रोणात गुंतलेल्यांचेही चमचे थांबले. कार्यक्रमानंतर पहिला प्रश्न, "त्यांच्यात चालतं का हो हे?" दुसरा, "घरच्यांनी सोडलं कसं?" तानेबद्दल एकानंही विचारलं नाही. चपला घालताना ती म्हणाली, "आमच्या मोहल्ल्यातही हेच विचारतात." (या एका बाबतीत मात्र दोन्हीकडे एकमत!)

इंदूरकरांनी तरी असं विचारू नये. इथल्या दरबारात नाचणाऱ्या मुमताज बेगमवर १९२५ साली मुंबईत मलबार हिलवर हल्ला झाला. सोबतचे मुंबईचे व्यापारी अब्दुल कादर बावला मारले गेले, तिचा चेहरा सुऱ्यानं चिरला. तरी तिनं कोर्टात साक्ष दिली. याच प्रकरणामुळे पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांना गादी सोडावी लागली. आमच्या घरांत तिचा उल्लेख अजूनही 'ती नाचणारी' असाच होतो. त्याच १९२६ साली फातमा बेगम चित्रपट दिग्दर्शित करणारी देशातली पहिली स्त्री ठरली. आणि पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून १९८५ साली जिंकलेल्या शाहबानो इंदूरच्याच.

यंदा त्या मुलीला पुन्हा बोलवा, असं मी कार्यकारिणीत सुचवलं. "बघू" म्हणाले.

– एक वाचक, रामबाग, इंदूर