स्पेनमधल्या झारागोझाच्या ताईंना, तिथल्याच ग्रानादाहून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून नवं कार्ड मिळालं. निवास आणि नोकरी, दोन्हीचा परवाना, चार वर्षांचा. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे "बरं झालं, जेवलीस का?" म्हणून विषय बदललात. तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही हेच करता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय. सोलापूर, सांगली, नांदेडहून मुली मला विचारतात, "स्पेनमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी आपल्याला मिळते का?" मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमचंच आहे. ते कुणाकडून आलं, हे त्यांना कळायला हवं.

तुमची ओळख झाली तेव्हा मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवत होते आणि शनिवारी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला स्पॅनिशच्या क्लासला जात होते. क्लासच्या बाईंनी तुमचा नंबर दिला. मी एक लांबलचक मेसेज पाठवला आणि तुम्ही त्याच रात्री फोन केलात. तुमच्याकडे संध्याकाळ होती, आमच्याकडे बारा वाजून गेले होते. बाबा दाराशी येऊन उभे राहिले, एवढ्या रात्री कुणाचा फोन म्हणून. तुम्ही त्यांच्याशीही बोललात. माझ्याआधी त्यांचीच खात्री पटली, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे तेव्हा स्पेनमधल्या एका खासगी अकादमीची, म्हणजे इंग्रजीच्या क्लासची, ऑफर होती. पर्यटक म्हणून या, शिकवायला सुरुवात करा, कागद नंतर होतील, पगार रोख. मला ती संधी वाटत होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "कागद नंतर होतील म्हणणाऱ्याला सांग, कागद आधी द्या. मग बघ त्याचा मेल येतो का." मेल आला नाही. पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं आणि कामाचा हक्क नसतो. पुढे पगार बुडवला तर तक्रार करायला गेलेल्या माणसाचीच अडचण होते, हे तुम्ही नीट समजावलंत. त्या एका फोनमुळे मी ज्यातून वाचले, त्यात अडकलेली माणसं मी नंतर इथे पाहिली. तुम्ही का ठाम होतात, ते तेव्हा जास्त कळलं.

मग तुम्ही खरं गणित मांडलंत. युरोपबाहेरच्या माणसाला थेट कामावर घ्यायचं, तर आधी स्पेनमध्ये किंवा युरोपीय संघात त्या कामाला कुणी मिळत नाही हे मालकाला दाखवावं लागतं. इंग्रजी शिक्षकाच्या बाबतीत हे जवळपास अशक्य. आयरिश माणूस परवान्याशिवाय उद्या रुजू होऊ शकतो. युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे ब्रिटिशांचीही 2021 पासून आपल्यासारखीच गत झाली. "म्हणून समोरच्या दाराशी डोकं आपटत बसू नकोस," असं सांगून तुम्ही दुसरी वाट दाखवलीत: स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाचा भाषा-सहाय्यकांचा कार्यक्रम, ज्याला इथे सगळे आउक्सिलियार म्हणतात. सरकारी शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाबरोबर वर्गात उभं राहायचं, ऑक्टोबर ते मे. देशांची यादी दरवर्षी बघावी लागते. माझ्या वर्षी भारत त्यात होता.

माझ्या वर्षी महिन्याला 700 युरो, आठवड्याला 12 तास होते. मोठ्या शहरात एवढ्यात भागत नाही, हेही तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. "लहान गाव माग, खोलीभाडं कमी पडेल. आणि पहिले पैसे हातात यायला वेळ लागतो असं धरून चाल, दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीला ठेव." बाबांनी पीएफमधून ते काढून दिले. पहिला हप्ता खरोखरच उशिरा आला, आणि घरमालकिणीसमोर मान खाली घालायची वेळ आली नाही.

कागदपत्रांबद्दल तर किती लिहू? पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आधी काढायचं, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर, घ्यायचं, आणि मगच शपथबद्ध (म्हणजे सरकारमान्य) अनुवादकाकडे स्पॅनिश भाषांतराला द्यायचं, म्हणजे अपोस्टिलचं पानही भाषांतरात येतं. उलट क्रमाने केलं तर भाषांतराचे पैसे पुन्हा भरा. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. एका एजंटने तर सगळ्याचे मिळून दीड लाख मागितले होते आणि क्रम उलटाच सांगितला होता. डॉक्टरांच्या दाखल्यात 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख असलाच पाहिजे, म्हणून तुम्ही मजकूरच टाइप करून पाठवलात. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांनी तो लेटरहेडवर उतरवला, सही-शिक्का मारला आणि एक पैसा घेतला नाही.

आणि नावाचं प्रकरण! आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर वेगळं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. त्यामुळे फॉर्मवर दुसऱ्या आडनावाचा रकाना दिसला की आपला माणूस तिथे वडिलांचं नाव भरून मोकळा होतो, आणि पुढे बँकेत एक, विम्यात दुसरं, कार्डावर तिसरंच नाव चढतं. "पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा. कुणी काहीही म्हटलं तरी रिकामा." व्हिसाचा अर्ज मुंबईला दाखल करायच्या आदल्या रात्री तुम्ही व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून प्रत्येक पान कॅमेऱ्यासमोर धरून घेतलंत. एका प्रतीवर माझ्या आडनावात एक वेलांटी चुकावी तसं एक इंग्रजी अक्षर जास्त पडलं होतं. अनुवादकाला रातोरात मेल करून तुम्हीच ते दुरुस्त करून घेतलंत. दुसऱ्या दिवशी तुमची शाळा होती, ताई.

मला हाएन प्रांतातलं उबेदा मिळालं. डोंगरापासून रस्त्यापर्यंत ऑलिव्हची झाडं, दुसरं काही नाहीच. तिथेही तुमचा फोन सोबत होता. आल्यावर नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, मग महिन्याच्या आत कार्डासाठी पोलिसांकडे वेळ घ्यायची, ईएक्स-17 हा फॉर्म, 790 चा कोड 012 वाला शुल्काचा फॉर्म बँकेत भरून त्याची पावती, फोटो, बोटांचे ठसे. खोली बघतानाच विचार, की पत्ता नोंदवू देणार का. बरेच घरमालक नाही म्हणतात आणि ते भाडं दिल्यावर कळतं. पोलिसांकडची वेळ विकणारे दलाल असतात, त्यांना पैसे द्यायचे नाहीत, सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बघत राहायचं. माझ्याबरोबरच्या एका मुलीने तिच्या गावी अशी वेळ विकत घेतली आणि ती खोटी निघाली. मी तुमचा मेसेज तिला दाखवला, मग आम्ही दोघी सकाळी एकत्र बसायला लागलो.

वर्गातली गोष्ट सांगते. तुम्ही म्हणाला होतात, "पाठ्यपुस्तक त्यांच्या बाई शिकवतील. तू घेऊन जा ते, जे त्यांच्यापैकी कुणाकडे नाही." मी सोलापुरी चादर घेऊन गेले. टेबलावर पसरली, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या त्या मुलांना इंग्रजीत सांगायला लावलं की काय दिसतंय. रंग, नक्षी, दोन्ही बाजू वेगळ्या का दिसतात. मग मी म्हटलं, आता तुमच्या गावचं काम मला सांगा, मला काही माहीत नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा, तोवर एक शब्द न बोललेला, उभा राहिला. झाडाखाली जाळं कसं पसरायचं, लांब काठीने फांदी कशी झोडपायची की फळ पडेल पण डहाळी मोडणार नाही, गिरणीत त्याच दिवशी का न्यायचं, हे त्याने मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सांगितलं. "आय हॅव फिफ्टीन इयर्स" असं म्हणणारा मुलगा. त्यांच्या भाषेत "माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत" असं वय सांगतात, म्हणून इंग्रजीतही ते 'हॅव' वापरतात. बाई मला हळूच म्हणाल्या, हा दर हिवाळ्यात वडिलांबरोबर रानात जातो. त्या दिवशी मी त्याचं व्याकरण सुधारलं नाही. पुढच्या आठवड्यात सुधारलं, आणि त्याने ते ऐकून घेतलं.

दुसरं वर्षही तुम्हीच आखून दिलंत. आउक्सिलियारच्या पैशांवर आयुष्य निघत नाही, आणि त्यातून थेट नोकरी मिळतेच असंही नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये कायदा बदलला होता. विद्यार्थ्याला आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येऊ लागलं, आणि अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थ्याचा परवाना नोकरीच्या परवान्यात बदलून घेताना आधी तीन वर्षं विद्यार्थी म्हणून राहिलेलं असण्याची जुनी अट उरली नाही. युरोपात दुसरा कुणी मिळतो का, हा प्रश्नही त्या वाटेवर विचारत नाहीत. तुम्ही स्वतः तीन वर्षांच्या अटीतून गेला होतात. तरी "तुम्हाला सोपं झालं बाई" असं एकदाही म्हणाला नाहीत. मी ग्रानादाला एक वर्षाच्या मास्टरला प्रवेश घेतला, दिवसा विद्यापीठ आणि दुपारी साडेचारपासून रात्री नऊपर्यंत अकादमी. (2025 च्या मे महिन्यात पुन्हा नवी नियमावली आली. आता निघणाऱ्या मुलींनी माझ्या वर्षाचे नियम पाठ न करता चालू नियम वाचावेत.)

अकादमीची नोकरी मिळवताना सगळ्यात मोठा अडसर कायद्याचा नव्हता. जाहिरातींत सर्रास "नेटिव्ह शिक्षक हवा", म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, असं लिहिलेलं असतं. पहिली काही उत्तरं तशीच आली: तुमचा अर्ज चांगला आहे, पण पालकांना ब्रिटिश माणूस लागतो. मी खचले होते. तुम्ही मला धीर देत बसला नाहीत, कामाला लावलंत. सीव्हीच्या पहिल्या ओळीत पदवी आणि शिकवण्याचा अनुभव. मेलमध्ये "मला एक तास शिकवू द्या, मग ठरवा." सेल्टाचा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या केंब्रिजच्या प्रमाणपत्राचा, कोर्स करायला पैसे साठव, कारण त्यात खरे विद्यार्थी समोर बसवून सहा तास शिकवायला लावतात, आणि इथल्या अकादम्या त्याला मान देतात. आणि मुख्य, "उच्चार बदलू नकोस. स्पष्ट बोल. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षेत समजतंय का ते बघतात, कुठल्या देशाचा सूर आहे ते नाही."

एका पालकाने खरंच विचारलं, की बाई भारतातल्या, मग इंग्रजी खरं का? मी तुमचंच वाक्य वापरलं: पुढच्या तासाला मागे बसा. ते बसले. त्यांची मुलगी वर्षअखेरीला बी-टू या वरच्या पातळीची इंग्रजी परीक्षा पास झाली आणि आता धाकट्याला माझ्याच गटात घाला म्हणून त्यांनी रिसेप्शनला सांगून ठेवलंय. ताई, मला याचा फार आनंद आहे.

करार हातात आला तेव्हा तुम्ही सांगितलंत की सहीपुरतं थांबू नकोस. महिन्याभराने सामाजिक सुरक्षेच्या संकेतस्थळावरून आपला "विदा लाबोराल", म्हणजे आपल्या नोकऱ्यांच्या नोंदींचा दाखला, काढ, त्यात नोंद झालीय का आणि किती तासांची झालीय ते बघ. शिकवायचं पंचवीस तास आणि नोंद दहाची, असं इथे चालतं, आणि परवान्याच्या नूतनीकरणाला तोच कागद बघतात. अकादम्यांसाठी वेगळा सामूहिक वेतनकरार असतो, त्यातली आपली श्रेणी कोणती, हेही तुम्हीच वाचून दाखवलंत. आज माझ्या अकादमीतल्या नव्या मुलींना मी पहिल्या महिन्याच्या शेवटी हेच काढायला लावते.

तुम्ही कधी गोड बोलून फसवलं नाहीत, यासाठी वेगळे आभार. माझ्याबरोबरची फिलिपिन्सची मैत्रीण दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करू शकते, आपल्याला दहा वर्षं लागतात. मी हिरमुसले तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे आहे असं आहे. राहायचं की नाही हे माहीत असून ठरव." मी ठरवलं ते माहीत असूनच. उन्हाळ्यात अकादम्या बंद, जुलै-ऑगस्टला पगार नाही, हे माहीत होतं. आई आजारी पडली तर पोचायला दीड दिवस लागेल, हेही.

नाताळच्या सुट्टीत मी माद्रिदमार्गे झारागोझाला येतेय. आईने पार्सलने शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवलीय, अर्धी तुमची. आणि बार्शीची एक मुलगी जानेवारीत अर्ज भरणार आहे, तिचे कागद मी तपासलेत, पण शपथबद्ध अनुवादकाचं नाव तुमच्याकडचंच द्यावं म्हणते. तिला तुमचा नंबर देऊ का? तुम्ही हो म्हणाल तरच देईन.

तुमची,
ग्रानादाची धाकटी