पॅड नीट चिकटले, तरच शॉक हृदयापर्यंत

मा. संपादक,

सोसायट्या, व्यायामशाळा आणि कार्यालयांत एईडी, म्हणजे हृदय अचानक थरथरू लागल्यास विजेचा शॉक देणारे आपोआप चालणारे डिफिब्रिलेटर, बसवले जाऊ लागले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र पेटी भिंतीवर लागली की काम झाले असे समजले जाते आणि छातीवर चिकटवायच्या ज्या दोन पॅडमधून वीज शरीरात शिरते, त्यांची चौकशी कोणी करत नाही. माझी सारी नोकरी रुग्णालयांतील अशी यंत्रे तपासण्यात झाली, म्हणून हे लिहीत आहे.

यंत्रावर १५० किंवा २०० ज्यूल असा ऊर्जेचा आकडा दिसत असला, तरी हृदयाची विस्कळीत थरथर थांबवतो तो त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह, आणि तो किती वाहील हे छातीच्या रोधावर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर, अवलंबून असते. प्रौढांमध्ये हा रोध साधारणतः ७० ते ८० ओहम असतो, पण व्यक्तीनुसार त्यात मोठा फरक पडतो. शिवाय छातीतून गेलेल्या प्रवाहाचा अगदी थोडा भागच हृदयातून जातो. बाकीचा आजूबाजूच्या स्नायूंतून आणि इतर ऊतींतून निघून जातो. म्हणून त्वचेपाशी होणारे नुकसान परवडणारे नसते.

छातीवर दाट केस असले की पॅड केसांवरच टेकते, खाली हवा अडकते, रोध वाढतो आणि ठिणगी पडून त्वचा भाजू शकते. जवळच ऑक्सिजन सुरू असेल, तर आगीचाही धोका संभवतो. मे महिन्यात मुंबईत कोसळलेल्या माणसाची छाती घामाने निथळत असते. ती पुसली नाही, तर पॅड सुटते आणि प्रवाह त्वचेवरूनच एका पॅडकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. हल्लीची यंत्रे रोध मोजून शॉक त्यानुसार जुळवून घेतात हे खरे, पण सुटलेले पॅड ती चिकटवू शकत नाहीत. रुग्ण स्त्री असेल तर संकोचामुळे कपडे तसेच राहतात. वास्तविक अंतर्वस्त्र दूर करून एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरे डाव्या काखेखाली, स्तन टाळून, उघड्या त्वचेवर लावावे लागते.

रुग्णालयांतील यंत्रांच्या, हाताने धरायच्या पॅडलचीही गोष्ट वेगळी नाही. ती प्रौढांच्या छातीवर सुमारे ८ किलो दाबाने टेकवायची असतात आणि जेलही डिफिब्रिलेशनसाठीचेच हवे. हाताशी आहे म्हणून सोनोग्राफीचे जेल वापरणे चूक आहे, कारण ते वीज नीट वाहून नेत नाही.

पॅडवरील जेल कालांतराने सुकते, पाकीट फुटले असेल तर लवकरच. तरीही मुदत संपलेली जोडी बदलण्याचा खर्च पुढे ढकलला जातो. शॉकला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, त्यामुळे ऐनवेळी वस्तरा किंवा टॉवेल शोधत बसायला सवड नसते. प्रत्येक पेटीत वस्तरा, टॉवेल, कात्री आणि पॅडची जादा जोडी असावी, मुदतीची तारीख बाहेरून दिसेल अशी लिहावी आणि ती दरमहा पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवावी, अशी सर्व व्यवस्थापनांना विनंती आहे.

— एक निवृत्त वैद्यकीय उपकरण तंत्रज्ञ, ठाणे